मराठवाड्यातील पक्षकारांसाठी न्यायनिर्णय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा न्यायालयाच्या आवारात रोज एखादा तरी पक्षकार मोबाइलवरची बातमी पुढे करून विचारतो, "साहेब, असा निकाल आलाय म्हणे, आपल्याला लागू होईल का?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. तो निकाल कोणत्या कायद्याखाली दिला गेला, कोणत्या न्यायालयाने आणि किती न्यायमूर्तींच्या पीठाने दिला, त्या प्रकरणात नेमके काय घडले होते आणि नंतर वरच्या न्यायालयात किंवा विधिमंडळात काय झाले, एवढे तपासल्यावरच उत्तर देता येते. मराठवाड्यात त्यात आणखी एक गुंता आहे. येथील जमिनीचे पुष्कळसे कायदे निजामाच्या राजवटीतून आणि हैदराबाद राज्यातून आलेले आहेत, त्यामुळे उर्वरित महाराष्ट्रासाठी लिहिलेले भाष्य येथे जसेच्या तसे चालत नाही. वेगवेगळ्या शाखांतील जे प्रश्न आम्हाला वारंवार विचारले जातात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत. ती सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. स्वतःच्या प्रकरणात कागदपत्रे वकिलांना दाखवूनच पाऊल उचलावे.

औरंगाबाद खंडपीठाचा निकाल फक्त मराठवाड्यालाच लागू होतो का?

नाही. औरंगाबाद खंडपीठ हे मुंबई उच्च न्यायालयाचाच भाग आहे. तेथे 1981 मध्ये बैठक सुरू झाली. त्या निर्णयाला आव्हान दिले गेले, तेव्हा मुख्य न्यायमूर्तींना राज्य पुनर्रचना कायद्याखाली तसा अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये स्पष्ट केले आणि 1984 मध्ये खंडपीठ कायम झाले. मराठवाड्याच्या जिल्ह्यांखेरीज अहिल्यानगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे जिल्हेही त्याच्या कक्षेत येतात. येथे दिलेला निकाल कोल्हापूरच्या दिवाणी न्यायाधीशावर जितका बंधनकारक आहे, तितकाच मुंबईत दिलेला निकाल हिंगोलीच्या न्यायाधीशावर बंधनकारक आहे.

फरक पडतो तो पीठाच्या आकाराने. एका न्यायमूर्तींच्या निकालापेक्षा दोन न्यायमूर्तींच्या पीठाचा निकाल वरचढ ठरतो, त्याहून पूर्णपीठाचा (तीन किंवा अधिक न्यायमूर्तींचे पीठ), आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद 141 नुसार सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदा सर्वांवर बंधनकारक असतो. दुसऱ्या राज्यातील उच्च न्यायालयाचा निकाल आपल्याकडे दाखला म्हणून वाचून दाखवता येतो, पण तो मानलाच पाहिजे असे बंधन नाही. बातमीत नुसते 'हायकोर्टाचा निर्णय' असे लिहिलेले असते. ते कोणते उच्च न्यायालय, हे आधी पाहावे.

मथळा आणि निकाल यांत खरोखर इतका फरक असतो का?

असतो, आणि त्याची किंमत गरीब माणसाला मोजावी लागते. गायरानाचे उदाहरण घ्या. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात 28 जानेवारी 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याची योजना आखण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले. ते प्रकरण पतियाळा जिल्ह्यातील एका गावाच्या तळ्यात भराव घालून बांधकाम करणाऱ्या लोकांचे होते. आपल्याकडे त्याची बातमी 'गायरानावरची सगळी अतिक्रमणे हटणार' एवढीच पोहोचली आणि पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसून पोट भरणाऱ्या भूमिहीन कुटुंबांना त्याच बातमीच्या आधारे धमकावले जाऊ लागले.

त्याच निकालाच्या शेवटच्या भागात न्यायालयाने म्हटले आहे की, अपवादात्मक परिस्थितीत नियमितीकरण करता येईल. भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना शासकीय अधिसूचनेनुसार पट्टा दिला गेला असेल, किंवा त्या जागेवर शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय आधीपासून असेल, ही त्याची उदाहरणे न्यायालयानेच दिली आहेत. महाराष्ट्रात 14 एप्रिल 1990 पूर्वीची मागासवर्गीय भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचे शासनाचे धोरण आहे. त्या तारखेपूर्वीच्या कब्जाचा पुरावा ज्यांच्याकडे आहे, त्यांनी नोटीस आल्यावर गप्प बसू नये. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीतील नोंदी, ग्रामपंचायतीचे ठराव असे सर्व कागद घेऊन मुदतीत लेखी उत्तर द्यावे. मात्र, 2010 नंतर कुंपण घालून प्लॉट पाडणाऱ्याला या अपवादाचा आधार मिळणार नाही, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे उदाहरण तुकडेबंदीचे, म्हणजे ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांत शेतजमीन विकण्यावरील बंदीचे आहे. औरंगाबाद खंडपीठाने 5 मे 2022 रोजी अशा तुकड्यांचे दस्त नोंदवण्यावर निर्बंध घालणारे नोंदणी विभागाचे 12 जुलै 2021 चे परिपत्रक आणि त्याच्याशी संबंधित नोंदणी नियम रद्द ठरवला. त्या निकालाने तुकडेबंदी कायदा रद्द झालेला नव्हता. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाचा अधिकार कुठपर्यंत आहे, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. तरीही 'आता गुंठ्याची खरेदी खुली' असे सांगून प्लॉट विकले गेले. हा विषय पुढे वरिष्ठ न्यायालयात आणि विधिमंडळातही गेला. त्यामुळे आजची स्थिती पाहिल्याशिवाय केवळ त्या निकालाच्या भरवशावर कोणीही विसार देऊ नये.

वडील 2005 पूर्वीच वारले. तरी मुलीला वडिलोपार्जित शेतीत हिस्सा मिळतो का?

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 पासून लागू झाली आणि मुलगी मुलाप्रमाणेच जन्माने सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील वाटेकरी झाली. त्या तारखेला वडील हयात असणे आवश्यक आहे का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्याच 2015 मधील फुलवती आणि 2018 मधील दानम्मा या दोन निकालांत मेळ नव्हता. शेवटी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 11 ऑगस्ट 2020 रोजी निर्णय दिला की, हा हक्क जन्माने मिळतो आणि त्यासाठी 9 सप्टेंबर 2005 रोजी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही.

महाराष्ट्राने याआधीच, 22 जून 1994 पासून, स्वतःची दुरुस्ती केली होती. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुली तिच्यातून वगळल्या होत्या. त्यामुळे "माझं लग्न 1988 ला झालं, म्हणजे मला काही नाही" असे अनेक बहिणी आजही मानून बसतात. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीत विवाहित आणि अविवाहित असा भेद ठेवलेला नाही.

परंतु हा निकाल सर्व दारे उघडून देत नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी कायम राहते. त्या तारखेपूर्वी केलेली विक्री आणि इतर हस्तांतरेही सुरक्षित आहेत. तोंडी वाटणीचा बचाव सहसा मान्य होत नाही, आणि तो मान्य व्हायचा असेल तर सार्वजनिक दस्तऐवजांचे भक्कम पाठबळ लागते. म्हणूनच दावा दाखल झाल्यावर अचानक पुढे येणारे 'जुन्या वाटणीचे' साध्या कागदावरचे लेख फारसे टिकत नाहीत. दुसरी मर्यादा मिळकतीच्या स्वरूपाची आहे. वडिलांनी स्वकष्टाने घेतलेल्या जमिनीत मुलीला किंवा मुलाला जन्माने हक्क नसतो. वडिलांनी तिचे मृत्युपत्र केले असेल तर ते चालते, आणि केले नसेल तर मुलगी पहिल्या वर्गाची वारस म्हणून समान हिस्सा घेते.

हक्कसोडपत्राबद्दल स्पष्टच लिहावेसे वाटते. वडिलांचे दिवस होतात न होतात, तोच "माहेर तुटू नये" एवढ्या एका वाक्यावर बहिणीची सही घेतली जाते. स्थावर मिळकतीतील हक्क सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असावाच लागतो, आणि शंभर रुपयांच्या स्टॅम्पवरील नोटरी केलेल्या कागदाने तो हक्क जात नाही. पण दुय्यम निबंधकासमोर जाऊन, दस्त समजून सही केली असेल, तर तो नंतर रद्द करून घेणे फार कठीण असते. फसवणूक सिद्ध करावी लागते आणि ती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो. बहिणीने आनंदाने हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे. तिला आपण काय सोडत आहोत हे सही करण्यापूर्वी माहीत असावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.

वारसाच्या फेरफारात बहिणींची नावे लागलेली नाहीत. हक्क गेला का?

नाही. सातबारा आणि फेरफार ही महसुलाची नोंद आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सावर्णी प्रकरणापासून अनेकदा सांगितले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 157 नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे ती खोडून काढता येते, पण खोडून काढण्याचा भार आपल्यावर येतो.

नोंद चुकीची असेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपील करावे. मालकीचाच वाद असेल तर दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा करावा लागतो, आणि तहसीलदारांकडे वर्षानुवर्षे हेलपाटे घालून मालकीचा निर्णय मिळत नाही. संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटणी करून देतात, पण ती सहहिस्सेदारांची संमती असेल तरच. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळले आहे हे कळल्यापासून बारा वर्षांची मुदत असते. ती मोजण्यात अनेकांची गफलत होते, म्हणून फेरफाराची नोटीस कधी मिळाली याचा कागद जपून ठेवावा.

कूळकायद्याचे निकाल वाचले, त्यात '1 एप्रिल 1957' ही तारीख येते. आमच्या जमिनीला ती लागू आहे का?

मराठवाड्यातील जमिनीला नाही. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन (कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले तो दिवस) पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेल्या मुंबई कुळवहिवाट कायद्यातील आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 नंतर हैदराबाद राज्यात होता आणि 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यात आला. त्यामुळे येथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा, 1950 चालतो. त्यातील 'संरक्षित कूळ' ही संकल्पना, कलम 38-ई नुसार अधिसूचित तारखेला त्याच्याकडे जाणारी मालकी, आणि हस्तांतरावरील बंधने यांची रचनाच वेगळी आहे. पुण्या-साताऱ्याच्या जमिनीवरील कलम 32-ग चा निकाल जालन्याच्या वादात जसाच्या तसा पुढे करणारा वकील विरुद्ध पक्षाला आयती संधी देतो.

कुळाच्या वादात खासरापत्रक, संरक्षित कुळांचे रजिस्टर, जुन्या पाहण्या आणि मालकी प्रमाणपत्र हे कागद निर्णायक ठरतात. त्यांतील बरेच उर्दूत असतात. अधिकृत भाषांतर करून घेतल्याशिवाय दावा दाखल करण्याची घाई करू नये. एका शब्दाच्या वाचनावर संपूर्ण वाद फिरल्याचे आम्ही पाहिले आहे.

इनामी आणि देवस्थानच्या जमिनीचे काय?

सन 1954 च्या हैदराबाद इनामे रद्द करण्याच्या कायद्याने बहुतेक इनामे संपली, पण धार्मिक आणि सेवेसाठी दिलेल्या जमिनींचे नियम वेगळे राहिले. मदतमाश आणि खिदमतमाश हे दोन शब्द सातबाऱ्यावर किंवा जुन्या मुंतखबात (इनामाच्या जुन्या दस्तात) दिसले की थांबावे आणि फरक समजून घ्यावा. मदतमाश ही व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली असते, तर खिदमतमाश ही देवळाच्या किंवा मशिदीच्या सेवेसाठी. सेवेच्या जमिनीचा कब्जेदार मालक नसतो. पुजारी हा देवाच्या मिळकतीचा केवळ व्यवस्थापक आहे, मालक देवता आहे, आणि महसुली अभिलेखात पुजाऱ्याचे नाव मालक म्हणून लावण्याचे कारण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2021 रोजी मध्य प्रदेशातील प्रकरणात सांगितले आहे. अशा जमिनीची खरेदी स्वस्त मिळते म्हणून घेणाऱ्यांचे आयुष्यभराचे पैसे अडकतात.

शेजाऱ्याने शेतरस्ता अडवला आहे. दिवाणी दावा करावा की तहसीलदारांकडे जावे?

दोन वेगळे उपाय आहेत. आधीपासून वहिवाटीत असलेला रस्ता अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडथळा केल्यापासून सहा महिन्यांची मुदत असते, आणि ती बहुतेक वेळा "समजुतीनं घेऊ" म्हणण्यात निघून जाते. शेतात जायला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून रस्ता मागता येतो. त्या निर्णयाने नाराज झालेल्याला एका वर्षात दिवाणी दावा करता येतो. पेरणीच्या तोंडावर भांडण पेटते, म्हणून अर्ज उन्हाळ्यातच द्यावा.

बियाणे उगवले नाही. 'नमुना प्रयोगशाळेत तपासलेला नाही' असे कंपनी म्हणते. तक्रार टिकेल का?

टिकू शकते. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध एम. मधुसूदन रेड्डी या प्रकरणात 16 जानेवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शेतकरी हा ग्राहक आहे, असे ठरवले. कंपनीचा बचाव हाच होता की, ग्राहक कायद्यानुसार बियाण्याचा नमुना तपासला गेला नाही. न्यायालयाने शेतकऱ्याचे वास्तव ओळखले. तो आणलेले सर्व बियाणे पेरून टाकतो, तपासणीसाठी त्यातले मूठभर मागे ठेवावे अशी अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही. बियाण्याच्या त्या लॉटचा नमुना कंपनीकडे असतो, तो तिने तपासणीसाठी सादर करावा.

हा निकाल जिवावरच्या धोक्यातून वाचवणारा आहे, पण त्याचा आधार घेऊन आपण पुरावा गोळा करायचा सोडू नये. त्या प्रकरणांत शेताची पाहणी झालेली होती, अहवाल होते. 2020 च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींची औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती, तेव्हाही तालुका पातळीवरील पंचनामे हाच कळीचा मुद्दा होता. त्यामुळे उगवण झाली नाही असे दिसताच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी, तक्रार निवारण समितीकडून पंचनामा करून घ्यावा, त्या वेळी विक्रेत्याला व कंपनीला बोलावल्याची नोंद व्हावी. पक्के बिल, पिशवी आणि तिच्यावरचे लेबल फेकू नये. बिलावर लॉट क्रमांक नसेल तर दुकानातच लिहून घ्यावा. पंचनाम्यात 'पाऊस कमी' किंवा 'पेरणी खोल' असे कारण लिहिले गेले आणि ते आपल्याला मान्य नसेल, तर सही करताना तसे लिहावे. आयोगापुढे हाच कागद बोलतो.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मोबदला, म्हणजे खरेदीसाठी दिलेली किंमत, 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगालाच अधिकार आहे, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. 2019 च्या कायद्यामुळे शेतकरी जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या शहरात जाण्याची गरज नाही.

जायकवाडीचे पाणी न्यायालयाच्या आदेशाने येते का?

मुळात ते कायद्याने येते. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा, 2005 च्या कलम 12(6)(ग) मध्ये खोऱ्यातील टंचाईची झळ सर्वांनी समन्यायाने वाटून घ्यावी, असे तत्त्व आहे. त्यानुसार प्राधिकरणाने 19 सप्टेंबर 2014 रोजी आदेश दिला आणि 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची पद्धत ठरली. त्या आदेशाला वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही भागांतून आव्हान दिले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने 23 सप्टेंबर 2016 रोजी दिलेल्या निकालात समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच वर्षीचा हा निकाल आहे. साठ्याची टक्केवारी आणि पाण्याचे हिशेब वेळोवेळी तपासून बदलले जातात, म्हणून चर्चेत आकडा सांगताना तो कोणत्या वर्षीच्या आदेशातील आहे, हेही सांगावे.

महामार्गात जमीन गेली. मावेजा जुनाच मिळाला, आता काही करता येते का?

राष्ट्रीय महामार्ग कायद्याखाली संपादन झाले असेल, तर तरसेम सिंग प्रकरणातील 19 सप्टेंबर 2019 चा निकाल महत्त्वाचा आहे. त्या कायद्यात दिलासा रक्कम (सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम) आणि व्याज नाकारणारी तरतूद होती. एकाच गावातील दोन शेतकऱ्यांना केवळ वेगळ्या कायद्याखाली जमीन गेली म्हणून वेगळा मोबदला देता येणार नाही, या विचाराने न्यायालयाने ती भेदभावाची ठरवली. हा निकाल फक्त पुढच्या प्रकरणांना लागू करावा, ही महामार्ग प्राधिकरणाची विनंती 4 फेब्रुवारी 2025 रोजी फेटाळली गेली.

जुन्या 1894 च्या कायद्याखालील संपादनात शेजाऱ्याने न्यायालयातून वाढीव मावेजा मिळवला असेल, तर कलम 28-अ खाली त्याच अधिसूचनेतील इतरांनाही तो मागता येतो. त्यासाठी न्यायालयाच्या निवाड्यापासून फक्त तीन महिने मिळतात. तलावात जमिनी गेलेल्या गावांत ही मुदत कोणी सांगितली नाही म्हणून अनेक कुटुंबे वंचित राहिली, याची खंत वाटते. गावातील एकाचा निकाल लागला की त्याच आठवड्यात सर्वांनी नक्कल काढावी.

जात पडताळणीत 'आप्तभाव चाचणी' नापास म्हणून दावा फेटाळला. आव्हान देता येते का?

येते, उच्च न्यायालयात रिट याचिकेने. आप्तभाव चाचणी म्हणजे चालीरीतींवरून अर्जदाराचे जमातीशी नाते तपासणे. पडताळणी समित्यांची पद्धत 1994 च्या माधुरी पाटील निकालातून आली आणि राज्याचा कायदा 18 ऑक्टोबर 2001 पासून लागू झाला. नांदेड, परभणी, हिंगोली या भागांतील मन्नेरवारलू, कोळी महादेव अशा जमातींच्या दाव्यांत चालीरीतींवरच्या प्रश्नांना फार वजन दिले जात असे. सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2023 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाद्वारे सांगितले की, आप्तभाव चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांना जास्त वजन द्यावे लागते. शिकलेल्या, शहरात वाढलेल्या नातवाला आजोबांच्या चालीरीती पाठ नसतील, एवढ्यावर त्याची जमात नाकारता येत नाही.

वडिलांकडील रक्ताच्या नात्यातील व्यक्तीला वैधता मिळाली असेल आणि ती फसवणुकीने मिळवलेली नसेल, तर तिचा लाभ मिळतो, हे उच्च न्यायालयाच्या 2010 च्या अपूर्वा निचळे निकालाने स्पष्ट केले. त्यासाठी वंशावळ शपथेवर निर्विवाद जुळली पाहिजे. दुसरीकडे, दावा खोटा ठरला तर नोकरी किंवा प्रवेशाचे संरक्षण मिळत नाही, हे 6 जुलै 2017 च्या जगदीश बहिरा निकालाने ठरवले आहे. खाडाखोड केलेला शाळेचा उतारा जोडण्यापेक्षा कमी कागद जोडलेले बरे.

पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नाहीत. काय करावे?

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे ललिता कुमारी प्रकरणात घटनापीठाने 12 नोव्हेंबर 2013 रोजी सांगितले. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 मध्ये तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने 14 दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवावा आणि तरीही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावे. अर्जाची पोच हवीच.

अटकेबाबत 2014 च्या अर्नेश कुमार निकालाचा आधार आजही आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत आधी नोटीस, आणि अटक केली तर तिची कारणे नोंदवणे आवश्यक आहे. अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये मुंबईच्या एका प्रकरणात सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले. परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कोठडीत झालेल्या एका तरुणाच्या मृत्यूप्रकरणी औरंगाबाद खंडपीठाने जुलै 2025 मध्ये पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. कायद्याचे हे संरक्षण कागदापुरते राहू नये, यासाठी अटकेच्या वेळी नातेवाइकांनी वेळ, ठिकाण आणि अधिकाऱ्याचे नाव लगेच लिहून ठेवावे.

'मी तिला तलाक दिला आहे' असे पतीने उत्तरात लिहिले. पोटगी थांबते का?

केवळ तसे लिहिल्याने थांबत नाही. लातूरच्या एका दांपत्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने मे 2002 मध्येच सांगितले होते की, तलाक दिल्याचे नुसते म्हणणे पुरेसे नाही, तो कसा, कधी, कोणत्या कारणाने दिला आणि समेटाचा प्रयत्न झाला का, हे पतीने सिद्ध करावे लागते. एकाच दमातील तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो 22 ऑगस्ट 2017 रोजी. त्याच्या पंधरा वर्षे आधी आपल्या भागातील एका स्त्रीच्या लढ्यातून हा विचार पुढे आला, याचा आम्हाला अभिमान वाटतो. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेतील पोटगी मागता येते, हे 10 जुलै 2024 च्या निकालाने पुन्हा स्पष्ट झाले आहे.

कोणत्याही धर्माच्या पोटगीच्या प्रकरणात 4 नोव्हेंबर 2020 चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल वाचावा. दोन्ही पक्षांनी उत्पन्न आणि मालमत्तेचे शपथपत्र द्यायचे असते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. पतीची शेती असेल तर सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिले आणि बाजार समितीच्या पट्ट्या मिळवून ठेवाव्यात.

ऊसतोडीला जाताना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटली. भरपाई कोण देणार?

भरपाईची आकडेमोड 2009 च्या सरला वर्मा आणि 31 ऑक्टोबर 2017 च्या प्रणय सेठी निकालांनी ठरते. 32 वर्षांचा, महिन्याला 12,000 रुपये मिळवणारा कर्ता माणूस गेला आणि मागे पत्नी, दोन मुले व आई असतील, तर भविष्यातील वाढीचे 40 टक्के धरून 16,800 रुपये होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केला की 12,600 उरतात. वर्षाचे 1,51,200 रुपये, त्यांना 16 ने गुणले की 24,19,200 रुपये, आणि वर अंत्यविधी, सहवास इत्यादींची रक्कम. उत्पन्नाचा पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजे उत्पन्न धरते. मुकादमाने दिलेल्या उचलीची नोंद आणि टोळीचा करार येथे उपयोगी पडतो.

अडचण विम्याची असते. मालवाहू वाहनातून प्रवासी म्हणून बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा आशा राणी प्रकरणातील 2002 चा निकाल आहे. आपला माल घेऊन सोबत निघालेला मालाचा मालक मात्र 1994 च्या दुरुस्तीनंतर संरक्षित आहे. वाहनावर कामाला असलेल्या मजुराचे नाते प्रवाशाहून वेगळे असते, त्यामुळे फिर्यादीत तो कशासाठी ट्रॉलीत होता हे पहिल्याच दिवशी बरोबर लिहिले जाणे अत्यावश्यक आहे. ट्रॉलीचा विमा ट्रॅक्टरपासून वेगळा पाहावा.

कोरा चेक देऊन पैसे घेतले होते. आता त्यावर मोठी रक्कम टाकली आहे.

सही आपली असेल तर चेक देणे फेडण्यासाठीच दिला होता, असे न्यायालय गृहीत धरते. तो कोरा होता एवढ्याने सुटका होत नाही, असे 2019 च्या बीर सिंग निकालात म्हटले आहे. गृहीतक खोडून काढता येते, पण त्यासाठी पुरावा लागतो. नोटीस आल्यापासून 15 दिवसांत उत्तर द्यावे. पैसे देणारा विनापरवाना सावकार असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे सावकारी कायद्याखाली स्वतंत्र तक्रार करता येते, आणि लिहून घेतलेली जमीन परत मिळवण्याचा मार्गही त्या कायद्यात आहे.

जुन्या दस्तांवर औरंगाबाद, उस्मानाबाद अशी नावे आहेत. दस्त बदलावे लागतील का?

नाही. छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे दिल्याविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये फेटाळल्या. नाव बदलल्याने जुन्या दस्ताची वैधता जात नाही.

मूळ निकाल कोठे वाचायला मिळेल?

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारखा आणि आदेश दिसतात. उच्च न्यायालयाच्या निकालांना आता तटस्थ उद्धरण क्रमांक असतो. त्यात 'बीएचसी-एयूजी' असे असेल तर निकाल औरंगाबाद खंडपीठाचा आहे, आणि शेवटी 'डीबी' असेल तर तो दोन न्यायमूर्तींचा आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निकाल मराठी अनुवादातही मिळतात, पण वाद झाला तर इंग्रजी मूळ प्रत प्रमाण धरली जाते. अपील करायचे असेल तर निकालाच्याच दिवशी नकलेचा अर्ज द्यावा. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, मात्र अर्ज देण्यापूर्वी वाया घालवलेले दिवस वगळले जात नाहीत.

वकील देण्याची ऐपत नाही. सरकारी मदत मिळते का?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे. याच कलमात पूर, दुष्काळ आणि भूकंप यांनी पीडित झालेल्यांचाही समावेश आहे. किल्लारीचा भूकंप सोसलेल्या आणि वर्षाआड दुष्काळ पाहणाऱ्या या भागात ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे. दुष्काळाची झळ बसलेल्या शेतकऱ्याने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करताना 'कलम 12(इ)' असे स्पष्ट लिहावे आणि तालुका दुष्काळी जाहीर झाल्याच्या शासन निर्णयाची प्रत जोडावी. समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते, आणि 15100 या क्रमांकावरही विचारणा करता येते.